पाण्यांतील धांव
(नभोवाणीवरील भाषण)



धांवणाऱ्या माणसाचा पाय दुखावला, म्हणजे त्याला पहिली आज्ञा होते ती विश्रांतीची. आज्ञा योग्यच आहे. परंतु तींत एक संकट दडलेलें असतें. इकडे हाड सांधूं लागतें, आणि तिकडे महिनोनमहिने कष्टानें कमावलेला दम ओसरूं लागतो. पाय वाचवावा तर दम जातो, दम राखावा तर पाय जातो. या पेचांतून सुटण्याची एक वाट माणसानें पाण्यांतून काढली. तिचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

पाण्यांत बुडालेला पदार्थ जितकें पाणी बाजूस सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाइतका तो हलका होतो, हा आर्किमिडीजचा सिद्धांत आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलेला आहे. शरीराच्या बाबतींत त्याचा अर्थ असा, कीं कमरेइतक्या पाण्यांत उभें राहिलें असतां पायांवर अंगाचा सुमारें निम्मा भार येतो. छातीपर्यंत गेल्यास सुमारें तिसरा हिस्सा, आणि मानेपर्यंत गेल्यास जेमतेम दहावा. पाय तळाला टेकलेच नाहींत, तर आदळण्याचा प्रश्नच उरत नाहीं.

सिद्धांत दोन हजार वर्षांहून जुना. दुबळ्या अवयवांसाठीं त्याचा शिस्तशीर उपयोग मात्र विसाव्या शतकांत रूढ झाला. १९२४ सालीं लॉस एंजेलिस येथील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. चार्ल्स लोमन यांनीं आपल्या रुग्णालयांतील कमळांच्या तळ्याचें रूपांतर व्यायामाच्या कुंडांत केलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें फ्रँकलिन रूझवेल्ट हे जॉर्जियांतील वॉर्म स्प्रिंग्ज येथें आले. १९२१ च्या ऑगस्टमध्यें, वयाच्या ३९ व्या वर्षीं, दुखण्यानें त्यांचे पाय लुळे केले होते. झऱ्याच्या कोमट पाण्यांत ज्या हालचाली त्यांस करतां येत, त्या जमिनीवर अशक्य होत्या. १९२६ सालीं त्यांनीं ती जागा विकत घेतली व १९२७ सालीं तेथें पोलिओग्रस्तांसाठीं संस्था स्थापिली. त्यांचे पाय पूर्ववत् कधींच झाले नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. कारण पाणी म्हणजे अमृत नव्हे. लोमन यांनीं पुढें १९३७ सालीं या व्यायामावर ग्रंथ लिहिला.

धांवपटूंनीं ही विद्या उचलली ती विशेषेंकरून १९८० नंतरच्या दशकांत. आपल्याकडे विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस सुका भोपळा बांधीत. तेंच काम येथें तरंगता पट्टा किंवा जाकीट करतें. खोल पाण्यांत डोकें वर ठेवून, अंग किंचित् पुढें झुकवून, गुडघे उचलीत व हात झुलवीत जमिनीवरल्याप्रमाणेंच धांवावयाचें. हातांनीं पाणी मात्र वल्हवावयाचें नाहीं. जमिनीचा आघात गेला, तरी पाण्याचा विरोध राहतो, आणि स्नायूंस मेहनत तोच देतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पाण्याच्या दाबामुळें हातापायांतील रक्त छातीकडे लोटलें जातें, व हृदय एकेका ठोक्याला अधिक रक्त पुढें ढकलतें. म्हणून तितक्याच श्रमाला नाडीचे ठोके जमिनीवरच्यापेक्षां कमी पडतात. केवळ नाडी मोजून श्रम ठरविणारा फसतो. श्वासाची धाप हाच खरा पुरावा.

या धांवण्यानें दम टिकतो काय? १९९६ व १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत कसलेल्या धांवपटूंनीं अनुक्रमें सहा व चार आठवडे पाण्यांत सराव केला, आणि त्यांचा दम ढळला नाहीं, असें आढळलें.

तरीही हाडांस बळकटी येते ती भार सोसल्यानें, आणि तो भार पाण्यांत मिळत नाहीं. म्हणून बऱ्या झालेल्या पायानें एकदम शर्यतीस उतरूं नये. वैद्याच्या सल्ल्यानें प्रथम चालावें, मग थोडें थोडें धांवावें. ज्या तरुणाला अंथरुणावर पडल्या पडल्या आपले श्रम मातीस मिळाले असें वाटतें, त्याच्या घरच्या वडील माणसांनीं त्यास हा वृत्तांत अवश्य सांगावा. पाय बरा होईपर्यंत त्याला करण्याजोगें कांहींतरी आहे.