मेजर चव्हाण: पडद्यावरचा आणि आठवणीतला

पाथरीचा इतिहास वाचणाऱ्याला एक सवय आपोआप लागते. एका माणसाबद्दल दोन साक्षी मिळाल्या की त्या समोरासमोर ठेवायच्या आणि बोलणारा कोणाच्या पदरी होता ते आधी बघायचे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की तो मूळचा ब्राह्मण, भैरवाचा मुलगा, लढाईत कैद होऊन बहमनी दरबारात वाढलेला. त्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी. निजामशाहीच्या आश्रयाने लिहिणारा अली तबातबा मात्र अहमदला थेट बहमनी सुलतानाचा मुलगा ठरवतो. फिरिश्ता तोवर अहमदनगर सोडून विजापूरला गेला होता; निजामशहांचे कूळ थोर दाखवण्याची गरज त्याला उरली नव्हती. शिवाय बुऱ्हान निजामशहाने १५१८ मध्ये इमादशाहीशी लढून पाथरी घेतली. पूर्वजांच्या गावासाठी हा हट्ट होता, हे फिरिश्त्याचे म्हणणे त्या मोहिमेशी जुळते. म्हणून मी त्याच्या बाजूने.

हाच नियम मी ‘प्रहार’ या चित्रपटाला लावून पाहिला. आमच्याकडे नाना पाटेकरांचा विषय निघाला की त्यात त्यांनी साकारलेला मेजर चव्हाण येतोच, आणि प्रत्येकाजवळचा चव्हाण थोडा वेगळा असतो. कुणाला कमांडोंना पिळून काढणारा प्रशिक्षक आठवतो, कुणाला गल्लीतल्या गुंडांना एकटा पुरून उरणारा माणूस. काहींच्या बोलण्यात तर पडद्यावरचा मेजर आणि खुद्द नाना एकच होऊन जातात.

तेव्हा आधी तारखा. ‘प्रहार’ नोव्हेंबर १९९१ मध्ये प्रदर्शित झाला. निर्माते सुधाकर बोकाडे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, दिग्दर्शक स्वतः नाना. भूमिकेसाठी त्यांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांबरोबर प्रशिक्षण घेतले आणि कमांडो प्रशिक्षणाचे चित्रण बेळगावला झाले. कारगिलचे युद्ध १९९९चे. त्या वेळी नाना सीमेवर गेले होते, पण तोवर चित्रपटाला जवळजवळ आठ वर्षे झाली होती. सीमेवरच्या अनुभवातून हा मेजर उभा राहिला, असे जे ऐकू येते ते या क्रमात बसत नाही. बेळगावच्या मैदानावरची मेहनत मात्र पडद्यावर दिसते. धावताना लागलेली धाप तिथे खरी वाटते.

आता पहिल्या दर्जाचा पुरावा, म्हणजे चित्रपट. कथेतला पीटर डिसूझा (गौतम जोगळेकर) हा मुंबईतल्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. त्याचे वडील जॉन डिसूझा झाले आहेत हबीब तन्वीर. मुलाने सैन्यात जावे हे बापाला मान्य नाही. चव्हाण पीटरला घडवतो. ओलीस धरलेल्या शाळकरी मुलांच्या सुटकेत पीटर कायमचा जायबंदी होतो आणि सैन्याबाहेर पडतो. पुढे त्याच्या लग्नाचे निमंत्रण येते. चव्हाण मुंबईला पोचतो तेव्हा पीटर जिवंत नसतो. हप्ता द्यायला नकार दिला म्हणून गुंडांनी त्याला मारलेले असते. शेजाऱ्यांना सगळे ठाऊक असते, पण साक्षीला कोणी उभे राहत नाही.

इथवर बहुतेकांना नीट आठवते. गुंडांचा निकाल लावल्यानंतरचे मात्र गप्पांमधून गळून गेले आहे. चव्हाणवर खटला चालतो. त्याला फाशी होत नाही, पदकही मिळत नाही; तो मनोरुग्ण ठरतो आणि वेड्यांच्या इस्पितळात जातो. शेवटी दिसतात धावणारी असंख्य उघडी मुले आणि त्यांच्यात चव्हाण. हे त्याच्या मनातले चित्र आहे. ते पाहून कुणाला आशा वाटेल, कुणाला भीती. मला दोन्ही वाटते, आणि दिग्दर्शकाने प्रेक्षकाला त्यातून सोडवले नाही याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

प्रेक्षकांना शेवट नकोसा होणे ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. डेव्हिड मॉरेलच्या १९७२च्या कादंबरीत रॅम्बो मरतो. १९८२च्या ‘फर्स्ट ब्लड’ चित्रपटासाठीही त्याच्या मृत्यूचे दृश्य चित्रित झाले होते. चाचणीच्या खेळाला आलेल्यांना ते रुचले नाही, म्हणून तो जगला आणि पुढे त्याच्या नावावर चित्रपटांची रांग लागली. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या मनाच्या जखमेला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी अधिकृत आजार म्हणून १९८० मध्ये नोंदले होते. रॅम्बोचे दुखणे त्यामुळे तिथल्या लोकांना ओळखीचे होते. ‘प्रहार’च्या निर्मात्याने शेवट बदलला नाही. तो प्रेक्षकांनीच आठवणीत बदलून घेतला.

चव्हाणचे दुखणे निराळे आहे. पडद्यावरच्या प्रसंगांचा क्रम पाहा: प्रशिक्षण आणि मोहीम होईपर्यंत तो भक्कम आहे. रणात तो मोडत नाही, मुंबईच्या वस्तीत त्याचा तोल जातो. शत्रू कोण आणि हुकूम कोणाचा हे त्याला शिकवलेले आहे. डोळ्यांदेखत माणूस मारला गेला तरी दार लावून बसणाऱ्या लोकांचे काय करायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. म्हणून तो सूड घेणारा नायक, हे वर्णन मला अपुरे वाटते. त्याने कायदा हातात घेतला हे चित्रपट लपवत नाही, आणि न्यायालय त्याला मोकळे सोडत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांनी हा निकालही ऐकायला हवा.

चित्रपटाचा एक अवशेष तर अनेकांना ‘प्रहार’चा म्हणून माहीतही नाही. मंगेश कुलकर्णी यांनी लिहिलेले आणि मन्ना डे यांनी गायलेले त्यातले गाणे महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत प्रार्थनेसारखे म्हटले जाते. ते गाणाऱ्या मुलांना मेजरची गोष्ट ठाऊक असेलच असे नाही.

पण चर्चेत सर्वांत मोठा अन्याय होतो तो पीटरवर. संपूर्ण कथानक पुन्हा लावून पाहिले की एक गोष्ट निर्विवाद उरते: हप्त्याला नकार आधी त्याने दिला. चव्हाण त्या गल्लीत पोचण्यापूर्वी, अंगावर गणवेश नसताना, शरीर साथ देत नसताना, एकट्याने. सिनेमावेड्या मित्रांशी वाद घालायचा तर मी तिथूनच सुरुवात करतो.