जुमेरातची टेकडी

देवगाव रंगारीहून खुलताबाद काही लांब नाही. कसाबखेड्यावरून वेरूळ, आणि वेरूळचा घाट चढला की खुलताबाद. देवगाव माझं आजोळ. लहानपणी उर्साला खुलताबादला जाणं हा आमच्यासाठी वर्षातला मोठा सण असे. जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यात फातिहा, मग रेवड्या आणि परतीची एसटी. पण गावापुढच्या शूलिभंजनच्या टेकडीवर कधी कुणी नेलं नाही. "वो दत्त का है," एवढंच नानी सांगायची.

मागच्या हिवाळ्यात एका गुरुवारी भाच्याला घेऊन निघालो. पोरगं दहावीत. त्याच्या वर्गात कुणीतरी त्याला "तुमच्या औरंगजेबाचं गाव" असं चिडवलं होतं, आणि ते त्याच्या मनात सलत होतं. मी म्हटलं, चल, जोहरची नमाज खुलताबादला पढू, टेकडी चढू आणि अस्रला परत येऊ.

गाव सोडलं की वाट खडकाळ होते. काळा कातळ, पिवळं पडलेलं गवत, घाणेरीची झुडपं, मध्येच निवडुंग. दहा मिनिटांत मोजे कुसळांनी भरले. चालता चालता मी त्याला हिशेब सांगू लागलो. जर जरी जर बक्ष वारले 1309 साली. त्यांचे भाऊ बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं निधन 1337 चं. मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात दिल्लीची बरीच सुफी मंडळी इकडे आली. निजामुद्दीन औलियांची वचनं लिहून ठेवणारे कवी अमीर हसन हेही इथल्याच मातीत आहेत. औरंगजेब 1707 साली अहमदनगरला वारला आणि जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या अंगणात त्याला पुरलं. म्हणजे बादशहा इथं आला तो सर्वांत शेवटी, तोही बुजुर्गांच्या पायाशी जागा मागून. गावाची कहाणी त्याच्या आधी चारशे वर्षं सुरू झालेली होती. 2025 च्या मार्चमध्ये त्या एका कबरीवरून एवढा गदारोळ झाला, पोलिसांचा पहारा लागला. पण त्या चारशे वर्षांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

भाचा गप्प होता. मग म्हणाला, "मामू, ये ऊपर वाला अपना नहीं है ना?"

वर दत्ताचं मंदिर आहे. पैठणच्या एकनाथांनी याच टेकडीवर तप केलं, असं मानतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे, किल्लेदार. चाकरी निजामशाहीची आणि भक्ती दत्ताची. या दोन गोष्टी त्या माणसात भांडत नव्हत्या. गुरुवार दत्ताचा, म्हणून त्या दिवशी किल्ल्याचं कामकाज बंद असे, अशी आठवण सांगतात. आमच्याकडे तीच जुमेरात, दर्ग्याची जियारत करायचा दिवस.

जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले. त्यांची समाधी दौलताबादला आहे. कुणी त्यांना चंद्रभट म्हणतं, कुणी कादरी परंपरेतले सुफी. वाद अजून मिटलेला नाही आणि मीही तो मिटवायला निघालेलो नाही. पण एवढं दिसतं, की श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही चांद बोधल्यांचेच शिष्य म्हणून ओळखले जातात. त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, 1645 साली. एका गुरूच्या एका शाखेत एकनाथ आणि दुसऱ्या शाखेत शेख महंमद. एकनाथांच्या चरित्रकथेत तर दत्त दर्शन देतात तेच मलंगाच्या वेषात. तरुण एकनाथ ते रूप पाहून बिचकतात आणि गुरू त्यांना ओळख पटवून देतात.

यातलं बरंचसं औरंगजेबाच्या आधीचं. तो जन्मला 1618 साली. तोवर एकनाथांना जाऊन 19 वर्षं झाली होती.

वर पोहोचलो तेव्हा वारा सुटला होता. खाली दर्ग्यांचे घुमट दिसत होते. भाचा मंदिराच्या पायरीपाशी थबकला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कुठले, पावणं?" मी म्हणालो, "देवगाव रंगारी." "मग आपलेच की. बसा, पाणी प्या." नाव त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. भाच्याने तांब्या घेतला आणि वरून घटाघटा पाणी प्यायला.

मी काही भाबडा नाही. एका तांब्याने वर्गातलं चिडवणं थांबत नाही. पाचशे वर्षांपूर्वीही सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, असंही मी म्हणणार नाही. तसं असतं तर एकनाथांना हिंदू-तुर्क संवाद लिहावा लागला नसता. दोघं त्यात आधी कडाक्याने भांडतात, मग समेटावर येतात. पण भांडायलाही समोरासमोर बसावं लागतं. आम्ही मात्र खालून टेकडीकडे बोट दाखवून "वो दत्त का है" म्हणत राहिलो आणि त्यांनी वरून खाली बोट दाखवून "ती औरंगजेबाची कबर" म्हटलं. मधली वाट रिकामी पडली, तिथं कुसळं उगवली.

अस्रच्या वेळेला आम्ही खाली पोहोचलो. वजूसाठी मोजे काढले तेव्हा भाचा एकेक कुसळ उपटत म्हणाला, "मामू, वो शेख महंमद की किताब मिलेगी क्या?"

मिळेल. आधी मी पुन्हा वाचतो, मग त्याला देतो.