लेयर ॲनिमेशन

निरनिराळ्या थरांवर (लेयर) रंगवलेल्या डिजिटल चित्राचे भाग सुटे हलवून हालचालीचा भास निर्माण करण्याचे तंत्र. यात प्रत्येक चौकट (फ्रेम) नव्याने काढावी लागत नाही. एकदा काढलेले भाग पुन्हापुन्हा वापरता येतात. म्हणून एकट्याने शिकणाऱ्याला ते सोयीचे ठरते.

पूर्वपीठिका : पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्र काढून ते स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याची पद्धत अमेरिकेत अर्ल हर्ड याने १९१४च्या सुमारास मांडली. जर्मनीत लोट्टे रायनिगर हिने कागदी छायाकृती हलवून १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट केला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये व्यंगपट विभाग सुरू केला. तेथे डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी प्रशिक्षण दिले. पूर्व विदर्भात, भंडारा जिल्ह्यालाही परिचित असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीवरील रंगवलेल्या पडद्यांतही दृश्य थरांनी रचण्याचीच कल्पना दिसते.

थर पाडणे : या तंत्राचे यश हालचालीपूर्वीच ठरते. भंडारा-गोंदिया परिसरात आढळणारा सारस हा सरावासाठी चांगला विषय आहे. धड, मानेचे दोन भाग, लाल डोके, पंख आणि पाय वेगळ्या थरांवर घ्यावेत. मान वळल्यावर उघडा पडणारा धडाचा भागही रंगवलेला असावा. नाहीतर तेथे भोक दिसते. सुट्या भागांची टोके गोलसर ठेवून एकमेकांखाली सरकवल्यास सांधा तुटत नाही. प्रत्येक थराला नाव द्यावे.

सांधे व वळण : प्रत्येक भागाचा फिरण्याचा बिंदू सांध्यावर बसवतात आणि डोके मानेला, मान धडाला अशी साखळी जोडतात. सारसाच्या पायात मध्यावर दिसणारा सांधा हा गुडघा नसून घोटा असतो. तो माणसाच्या गुडघ्याच्या उलट दिशेने वाकतो. नवशिके येथे हमखास चुकतात.

हालचाल : मुख्य स्थितींच्या चौकटी (कीफ्रेम) ठरवल्यावर मधल्या चौकटी संगणक भरतो. सर्वत्र सारखी गती दिल्यास हालचाल यांत्रिक वाटते. म्हणून आरंभ व शेवट मंद ठेवतात. मान खाली गेल्यावर डोके दोन-तीन चौकटी उशिरा पोहोचले, तर वजन जाणवते. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. सरावाला १२ पुरतात.

पार्श्वभूमी : दूरचे डोंगर, मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातील जुना तलाव) आणि जवळची धानाची बांधी (बांध घातलेले शेत) वेगवेगळ्या थरांवर ठेवून जवळचा थर जलद व दूरचा सावकाश सरकवला की खोली भासते.

साधने : क्रिता, सिनफिग, ब्लेंडर आणि ओपनटून्झ ही विनामूल्य आहेत. ओपनटून्झ २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. थरांसह रेखाटन करण्यास क्रिता, तर हाडांचा सांगाडा बसवून भाग हलवण्यास सिनफिग किंवा ब्लेंडर उपयोगी पडते. पहिला सराव दोन-तीन सेकंदांचा, शेवटची चौकट पहिलीला जुळेल असा ठेवतात. तो अखंड फिरवला की सांध्यांतील दोष लगेच दिसतात.