इंकस्केपमध्ये टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह: तळोज्याची एक शेड मापात काढताना

तळोजा एमआयडीसीतल्या एका शेडचं चित्र मी काढून दिलं होतं. रस्त्यावरून, कोपऱ्याकडून दिसणारी शेड, लांब भिंतीवर कंपनीच्या नावाचा बोर्ड. चित्र सगळ्यांना आवडलं. साइनबोर्डवाल्याने त्याची प्रिंट घेतली, पट्टी लावली, शेडचा कोपरा ६० मिलिमीटर भरला. कोपरा ६ मीटरचा आहे हे त्याला माहीत होतं. बोर्ड ४७ मिलिमीटर भरला, म्हणून त्याने ४.७ मीटरचा बोर्ड बनवला. पाहिजे होता ६ मीटरचा, दोन खांबांच्या मधली पूर्ण जागा भरणारा. फ्रेम आणि एसीपी शीट दोन्ही वाया गेलं. अर्धं नुकसान मी भरलं, कारण चूक माझीच होती: पर्स्पेक्टिव्ह चित्रावरून मापं काढायची नसतात हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून असं चित्र मी अंदाजाने काढत नाही, मापाने काढतो. ती पद्धत खाली देतोय. सॉफ्टवेअर इंकस्केप, कारण ते मोफत आहे आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. रेषांचं गणित मात्र कुठल्याही व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये हेच राहतं.

टू-पॉइंट म्हणजे नक्की काय?

मराठीत पर्स्पेक्टिव्हला यथार्थदर्शन म्हणतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्रातलं पुस्तक किंवा खोकं आठवत असेल. खोक्याची कड आपल्याकडे असली की दोन्ही बाजू मागे जाताना लहान होतात. तेच इथे.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

- क्षितिजरेषा: बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची. रस्त्यावर उभा माणूस बघतोय तर साधारण १.६ मीटर.
- दोन व्हॅनिशिंग पॉइंट: दोन्ही क्षितिजरेषेवरच. उजव्या भिंतीच्या सगळ्या आडव्या रेषा उजव्या बिंदूकडे जातात, डाव्या भिंतीच्या डाव्या बिंदूकडे.
- उभ्या रेषा: त्या उभ्याच राहतात, कुठेही झुकत नाहीत.

ही कला जुनी आहे. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने १५ व्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे प्रयोग केले आणि १४३५ मध्ये आल्बेर्तीने चित्रकलेवरच्या ग्रंथात नियम मांडले. आज आपण पट्टी-दोरीऐवजी माउस वापरतो, एवढाच फरक.

बिंदू किती लांब ठेवायचे?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दोन्ही बिंदू पानावरच बसवायचा मोह होतो आणि मग शेड चाकूच्या टोकासारखी अंगावर येते.

नियम सोपा आहे. शेडचा जवळचा कोपरा बरोबर समोर धरा. कोपऱ्यापासून डाव्या बिंदूचं अंतर गुणिले उजव्या बिंदूचं अंतर बरोबर बघणाऱ्याच्या अंतराचा वर्ग. भिंती काटकोनात असतील तर हे नेहमी जुळतं.

आपलं उदाहरण: शेड २४ मीटर लांब, १५ मीटर रुंद, भिंतीची उंची ६ मीटर. बघणारा कोपऱ्यापासून २० मीटरवर. कोपऱ्यावरचं स्केल १ मीटरला १० मिलिमीटर. म्हणजे बघणारा २०० मिलिमीटरवर, आणि २०० चा वर्ग ४०,०००. डावा बिंदू १०० मिलिमीटरवर घेतला तर उजवा ४०० वर. १०० गुणिले ४०० बरोबर ४०,०००, जमलं. लांब भिंत जास्त दिसावी म्हणून तिचा बिंदू लांब ठेवलाय.

अशाने शेड डोळ्याच्या साधारण ४६ अंशांत मावते. ६० अंशांच्या पुढे गेलात तर कडेचा भाग ओढल्यासारखा दिसायला लागतो.

इंकस्केपमध्ये स्टेप बाय स्टेप

१. नवीन फाइल घ्या. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये ए-फोर, लँडस्केप, एकक मिलिमीटर. इंकस्केपच्या १.० आणि पुढच्या आवृत्त्यांत मापं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजली जातात. खालचे आकडे तसेच आहेत.

२. वरच्या पट्टीवरून एक आडवी गाइड खाली ओढा. तिच्यावर डबल क्लिक करून जागा १२० मिलिमीटर द्या. ही क्षितिजरेषा.

३. डावीकडच्या पट्टीवरून उभी गाइड ओढा, जागा १०५. हा शेडचा जवळचा कोपरा. आणखी दोन उभ्या गाइड: ५ आणि ५०५. जिथे त्या क्षितिजरेषेला छेदतात ते आपले डावा आणि उजवा बिंदू. उजवा पानाच्या बाहेर गेला, जाऊ द्या. कॅनव्हास मोठा आहे.

४. कोपऱ्याची उभी रेषा काढा. डोळा जमिनीपासून १.६ मीटरवर, म्हणून पाया क्षितिजाच्या १६ मिलिमीटर खाली, म्हणजे १३६ वर. माथा त्याच्या ६० वर, म्हणजे ७६ वर. खरी मापं फक्त या एका रेषेवर मोजायची, हे पक्कं डोक्यात ठेवा.

५. स्नॅपिंग चालू करा. पेन टूलने पाया आणि माथा दोन्ही बिंदूंना जोडा. चार रेषा झाल्या. या रेषांसाठी वेगळी लेयर ठेवा, रंग फिका निळा द्या, शेवटी तिला लॉक करा.

भिंत कुठे संपवायची?

बहुतेक जण इथे “बरी दिसते तिथे” भिंत तोडतात. मीही तेच करायचो. मापाने तोडायची असेल तर मोजणीबिंदू लागतो.

उजव्या बिंदूपासून बघणाऱ्याच्या डोळ्यापर्यंतचं अंतर पायथागोरसने काढा. ४०० आणि २०० च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ साधारण ४४७ येतं. उजव्या बिंदूपासून ४४७ मिलिमीटर डावीकडे, म्हणजे ५८ वर, क्षितिजरेषेवर खूण करा. हा उजव्या भिंतीचा मोजणीबिंदू.

आता पायाच्या पातळीवर (१३६) आडवी रेषा काढून कोपऱ्यापासून उजवीकडे २४० मिलिमीटर मोजा, म्हणजे ३४५ वर. हे २४ मीटर झाले. ही खूण मोजणीबिंदूला जोडा. जोडरेषा भिंतीच्या पायाच्या रेषेला जिथे छेदते, तिथे भिंत संपते. कोपऱ्यापासून ती जागा १४० मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. आली नाही तर कुठेतरी बिंदू सुटलाय.

डाव्या भिंतीसाठी हेच उलट दिशेने. १०० आणि २०० वरून २२४ येतं, म्हणून मोजणीबिंदू डाव्या बिंदूच्या उजवीकडे २२९ वर. कोपऱ्यापासून डावीकडे १५० मोजून जोडलं की भिंत सुमारे ४० मिलिमीटरवर संपते.

खांब सारख्या अंतरावर कसे बसवायचे?

लांब भिंतीचे चार भाग करायचेत, प्रत्येकी ६ मीटर. भिंतीच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण काढा. ते जिथे छेदतात तिथून उभी रेषा, हा भिंतीचा खरा मध्य. मग प्रत्येक अर्ध्याचे कर्ण काढून पुन्हा मध्य घ्या.

चित्रात हे चार भाग कोपऱ्यापासून असे येतात: सुमारे ४७, ३७, ३० आणि २५ मिलिमीटर. प्रत्यक्षात चारही ६ मीटरचे. जवळच्या भागापेक्षा लांबचा भाग जवळजवळ निम्मा दिसतो. माझ्या साइनबोर्डवाल्याने मोजला तो हा पहिला ४७. त्याची पट्टी बरोबर होती, पण कोपऱ्याचं स्केल भिंतीवर चालत नाही.

उताराचं छप्पर

डाव्या भिंतीचा मध्यही कर्णांनीच काढा आणि तिथून उभी रेषा वर न्या. छपराचा कणा ७.५ मीटरवर असेल तर कोपऱ्याची रेषा वर वाढवून पायापासून ७५ मिलिमीटरवर खूण करा आणि ती डाव्या बिंदूला जोडा. मधल्या उभ्या रेषेला ती छेदते ते छपराचं टोक. तिथून कण्याची रेषा उजव्या बिंदूकडे. उताराच्या तिरक्या कडा मात्र दोन्हीपैकी कुठल्याच बिंदूकडे जात नाहीत. टोक आणि कोपरे सरळ जोडायचे.

बोर्डवरची अक्षरं

१. नाव आधी सरळ लिहा आणि त्याची एक कॉपी लपवलेल्या लेयरवर ठेवा. पाथ झाल्यावर अक्षरं बदलता येत नाहीत.
२. पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ करा.
३. पाथ इफेक्ट्समध्ये पर्स्पेक्टिव्ह/एन्व्हलप निवडा. प्रकार पर्स्पेक्टिव्हच ठेवा. एन्व्हलप ठेवला तर मागची अक्षरं हवी तशी लहान होत नाहीत.
४. चार कोपऱ्यांचे हँडल बोर्डच्या चार कोपऱ्यांवर आणा.

तपासायची युक्ती आपल्याच लिपीत आहे: शिरोरेषा. ती उजव्या बिंदूकडे जात असली पाहिजे. शिरोरेषा वाढवून बिंदूला लागली नाही तर बोर्ड भिंतीवर बसल्यासारखा वाटणार नाही, हवेत तरंगेल.

आणखी एक. महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांच्या पाट्यांवर देवनागरी मराठी हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. पर्स्पेक्टिव्ह चित्रात कोपऱ्याजवळचं नाव आपोआप मोठं दिसतं, लांबचं लहान. त्यामुळे हा निर्णय या चित्रावरून घेऊ नका, सरळ समोरच्या नकाशावरच घ्या.

माणसं, गाड्या आणि उंच इमारती

सपाट जमिनीवर उभ्या, सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात. गेटवरचा वॉचमन असो की लांबचा पादचारी. पाय वर-खाली होतात, डोळे नाही. हे पाळलं की चित्र एकदम खरं वाटतं.

डोळा वर गेला की क्षितिजही वर जातं. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या उन्नत स्थानकांवरून खाली बघितलं तर घरांची, शेडची छपरं वरून दिसतात. तसं चित्र हवं असेल तर क्षितिजरेषा छपराच्या वर घ्या.

फोटोवरून काढत असाल तर फोन सरळ धरून काढलेला फोटो घ्या. सिडकोच्या उंच इमारतीचा फोटो आपण मान आणि फोन वर करून काढतो. त्यात उभ्या रेषाही एकमेकींकडे झुकतात, तो तिसरा बिंदू. त्यावर टू-पॉइंटच्या रेषा कधीच बसणार नाहीत.

शॉर्टकट आहे का?

आहे. इंकस्केपचं थ्रीडी बॉक्स टूल घेऊन खोकं काढलं की ते मुळातच टू-पॉइंटमध्ये येतं. बिंदू ओढून हलवता येतात, अनग्रुप केलं की बाजू सुट्या होतात. पटकन कल्पना मांडायला झकास. मापं मात्र वरच्या पद्धतीनेच बसवा.

इलस्ट्रेटरवाल्यांना पर्स्पेक्टिव्ह ग्रिड टूल आहे. १ दाबलं की डावी बाजू, २ जमीन, ३ उजवी बाजू. आकार हलवताना पर्स्पेक्टिव्ह सिलेक्शन टूलच वापरा, साधं सिलेक्शन टूल वापरलं तर आकार पर्स्पेक्टिव्हप्रमाणे लहान-मोठा होत नाही.

फाइल पाठवण्याआधी

आता माझ्या प्रत्येक फाइलमध्ये दोन पानं असतात. पहिल्यावर पर्स्पेक्टिव्ह चित्र, त्याखाली ठळक ओळ: “हे चित्र फक्त दिसण्यासाठी आहे, यावरून मापं घेऊ नयेत.” दुसऱ्यावर भिंतीचं सरळ समोरचं चित्र, बोर्डची लांबी-रुंदी आकड्यात लिहिलेली. दुसरं पान करायला दहा मिनिटं लागतात. पहिल्या वेळी ती दहा मिनिटं मी वाचवली होती.