पुठ्ठ्याआतली नावं

सांताक्रूझ विमानतळ. पन्नासचं दशक. निरोप द्यायला आलेल्यांच्या घोळक्यात तुम्ही उभे आहात. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांतून मुंबईत येऊन स्थिरावलेली बेने इस्राएल यहुदी कुटुंबं आता इस्राएलला निघाली आहेत. सामान मोजकंच न्यायचं. एक आजी तुमच्या हातात जुनं पुस्तक देते, "हे ठेव बाळा, नीट सांभाळ."

पुस्तक उघडा. आत हिब्रू आहे आणि बाळबोध मराठीही. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तीन पिढ्यांच्या सह्या: वर निळी शाई, मध्ये पेन्सिल, तळाशी बोरूची मोडी. मोडीतलं आडनाव लागतं, 'पेणकर'. म्हणजे घराणं मूळचं पेणचं.

आता त्या पुस्तकाचा माग धरून मागे जा. साल 1874, पुणे, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा छापखाना. तेलकट शाईतला मजकूर दगडावर उतरला आहे. कारागीर ओला बोळा फिरवतो, त्यावरून शाईचा रूळ. ओला दगड शाई घेत नाही, अक्षरं तेवढी घेतात. हिब्रू खिळ्यांवाचून काही अडत नाही. कागद उचलला जातो: वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हग्गादा. चित्रात लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत.

आणखी मागे, 1846ची मुंबई. इथं मराठी भाषांतरासह हग्गादा शिळाप्रेसवर छापली जाते आहे. त्याआधी 1832 मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांचं मराठीतून लिहिलेलं हिब्रू व्याकरण निघालं. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या 'शनवार तेल्यां'नी, म्हणजे बेने इस्राएलांनी, पिढ्यानपिढ्या 'शेमा' ही प्रार्थना मुखोद्गत जपली होती. त्यांचीच मुलं आता हिब्रू पान वाचू लागली आहेत.

मुंबईत जन्मलेल्या डेव्हिड सॉलोमन ससून यांच्या संग्रहातल्या हिब्रू हस्तलिखितांची दोन खंडांची सूची 1932 मध्ये छापली गेली. घरगुती हग्गादेची सूची कोण करणार? तिची वंशावळ पुठ्ठ्याआतच असते. पुस्तक कुठं छापलं ते मुखपृष्ठ सांगतं, ते कुणाच्या घरात वाचलं गेलं ते फक्त त्या सह्या सांगतात.

तुमच्या माळ्यावर, शेजाऱ्यांनी जाताना दिलेल्या ट्रंकेत असं पुस्तक असेल, तर नवी बांधणी करताना जुना पुठ्ठा फेकू नका. सह्यांचे फोटो काढा. कुणी, कधी दिलं ते वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवा. आणि जमलं तर त्या घराण्याचा शोध घेऊन त्यांना कळवा.