वसई पडली, तो दिवस कोणता?

पालीच्या किनाऱ्यावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले, की खाडीच्या मुखापलीकडे वसईचा किनारा दिसतो. उत्तन, चौक, डोंगरी, पाली ही सारी गावे जुन्या धारावी बेटावरची. (मुंबईतली धारावी निराळी, बरे का!) चौकजवळचा धारावीचा किल्ला चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांच्या हाती आला, आणि मे १७३९ मध्ये खुद्द वसईने पांढरे निशाण दाखविले. पण कोणत्या तारखेला?

जुन्या मराठी पत्रांचे इंग्रजी करून देण्याचा उद्योग मी हौसेने करतो. माझा अनुभव असा, की मोडीपेक्षा तारीख अधिक छळते. वसई शरण आली त्या दिवशी पोर्तुगिजांच्या पंचांगात १६ मे होता. मुंबईकर इंग्रजांच्या पंचांगात ५ मे. मध्ये केवळ खाडी आणि साष्टी, आणि अंतर अकरा दिवसांचे! पोर्तुगालने पोप ग्रेगरीची नवी गणना १५८२ सालीच घेतली होती. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट राज्यांनीही १७०० साली १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च उजाडवला. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत अडून बसले. शिवाय त्यांचे सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून वेढ्याच्या पहिल्या महिन्यातले इंग्रजी कागद १७३८ साल सांगतात. हे न जाणता भाषांतर केले, तर वेढा पडण्याआधीच वर्षभर वेढ्याच्या बातम्या निघू लागतात.

आता आपली मराठी पत्रे. त्यांत इसवी सन नसतोच. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ हा शुहूर सन. म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, एकूण ११३९. एकम आधी, दशक मागून. जर्मन माणूसही एकोणचाळीसला ‘नऊ आणि तीस’च म्हणतो, आणि आपले ‘एकवीस’ तरी दुसरे काय आहे? इंग्रजी वाचकालाच ते उलटे वाटते. हा सन मृगाला बदलतो. त्यात ५९९ मिळवले की १७३८ येते, पण मे महिना मृगाच्या आधीचा असल्याने तो १७३९ चा. बेरजेवर विसंबून राहिलात, तर वर्ष हुकलेच! पत्राच्या अखेरीस ‘छ’ आणि एखादा मुसलमानी महिना असतो. तो छ म्हणजे चंद्र, त्या महिन्याची चंद्रावरून मोजलेली तारीख.

मग खरे-खोटे ठरवायचे कसे? पंच म्हणून मी चंद्रालाच बोलावतो. नव्या गणनेच्या १६ मे १७३९ ला शके १६६१ च्या वैशाख शुद्धातली अष्टमी-नवमी पडते. इंग्रजांचा ५ मे जर कोणी नवा समजून घेतला, तर तिथी जाते चैत्र वद्यात, अमावास्येच्या तोंडाशी. पत्रात शुद्ध पक्ष असेल तर वाद मिटला. या किनाऱ्यावरच्या कोळ्याला ही गोष्ट जंत्रीवाचून कळेल: अष्टमी-नवमीला भांग, पाणी मंद, अमावास्या-पौर्णिमेला उधाण.

म्हणून इंग्रजीत उतरवताना मी मूळची मिती आणि सन जसाच्या तसा ठेवतो, त्यापुढे इसवी तारीख घालतो, आणि ती जुनी की नवी हे तिथेच लिहितो. मजकूर जरा लांबतो. छापणारे कुरकुरतात. पण ‘५ मे’ आणि ‘१६ मे’ वाचून दोन निराळ्या शरणागती झाल्या असे कोणी समजू नये, एवढी काळजी घ्यायलाच हवी. कारण त्या एका दिवसाने या किनाऱ्यावरच्या घराघराचा राजा बदलला.

पोर्तुगीज वसईतून बाहेर पडले ते २३ मेला. तिथी काढून पाहिली, तर पौर्णिमेचा सुमार येतो. खाडीला त्या दिवशी उधाण असले पाहिजे.