कवडशाचे तारायंत्र

नोव्हेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील लेडीस्मिथ गावाला बोअर सैन्याने वेढा घातला आणि तारा तोडल्या. तरीही आत अडकलेली ब्रिटिश फौज बाहेरच्या जनरल बुलर यांच्या सैन्याशी बोलत राहिली. साधन होते आरसा आणि ऊन.

या यंत्राचे नाव हेलिओग्राफ. कराचीत तारखात्यात असलेल्या हेन्री मान्स यांनी ते १८६९ च्या सुमारास तयार केले. कळ दाबली की आरसा किंचित कलतो आणि कवडसा दूरच्या ठाण्यावर पडतो. आखूड आणि लांब चमकांतून मोर्सची अक्षरे बनतात.

सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्धा अंशाचा कोन व्यापते. परावर्तित झोतही तेवढाच पसरतो, म्हणजे १० किलोमीटरवर जेमतेम ९० मीटर. त्या पट्ट्याबाहेरच्या शत्रूला संदेशाचा पत्ताच लागत नाही.

पण सूर्य ढगाआड गेला की यंत्र मुके! तेव्हा रात्री सर्चलाइटचा झोत ढगांवर पाडून संकेत दिले गेले. अडथळ्याचाच पडदा झाला. मात्र ढग प्रकाश चहूकडे विखुरतात. तो बोअरांनाही दिसे. गुप्ततेचा भार आता सांकेतिक लिपीवर आला. ११८ दिवसांनी वेढा उठला.

आजचा लेसरझोत याहून कितीतरी अरुंद असतो, पण दाट धुके त्यालाही अडवते.

चौकोनी आरशाचा कवडसा दूरच्या भिंतीवर गोल का दिसतो, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा. हेलिओग्राफची गुप्तता त्याच उत्तरात आहे.